हिवाळी टायर तिकडे, पावसाळी तपासणी इकडे

इंदिरानगर, कॉलेज रोड, पाथर्डी फाटा, नाशिक रोड. नाशिकच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत आज दोन-चार घरं तरी अशी निघतील, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी कॅनडात, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे नोकरीला आहे. तिकडे ऑक्टोबर लागला की घरच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यायचे का? गाडी नवी, टायर नवे, तरी आणखी चार टायर विकत घ्यायचे, वर्षातून दोनदा बदलून घ्यायचे आणि उरलेले चार कुठेतरी ठेवायचे. खर्चाचा आकडा ऐकून इकडचे वडीलधारे सांगतात, "कशाला? हळू चालव म्हणजे झालं." हा सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घेतलं तर कसारा घाटातल्या जुलै महिन्याबद्दलही बरंच काही कळतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जिथे पारा महिनेच्या महिने सात अंशांच्या खाली राहतो तिथे हिवाळी टायर लागतातच, मग तिथला कायदा सांगो वा न सांगो. नाशिकला ते लागत नाहीत. मात्र ऋतू बदलण्याआधी गाडीखालचे टायर तपासायचे, ही जी सवय त्या देशांनी कायद्याने, विम्याने आणि सरावाने अंगी लावून घेतली, ती आपल्याला त्यांच्याइतकीच हवी आहे. आपला अवघड ऋतू तेवढा वेगळा आहे.

बर्फाचे टायर म्हटलं की खोल नक्षीचे, जाडजूड टायर डोळ्यांपुढे येतात. नक्षीला महत्त्व आहेच, पण मुख्य फरक रबरात असतो. साध्या टायरचं रबर उबदार हवेसाठी बनवलेलं असतं आणि थंडीत ते कडक होतं. कडक झालेलं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून बसत नाही, वरच्यावर सरकतं. हा बदल शून्य अंशाला अचानक होत नाही. साधारण सात अंशांपासून पुढे, जसजसा गारठा वाढतो तसतशी पकड उतरत जाते. म्हणून रस्ता कोरडा ठणठणीत असला, बर्फाचा कणही नसला, तरी उणे दहा अंशांत साधा टायर आपलं नेहमीचं काम करत नाही. ओटावाला जानेवारीत सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण जास्त असतं आणि मिश्रणच असं केलेलं असतं की ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर असंख्य बारीक चिरा असतात. चाक रस्त्याला टेकताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खाचांत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, त्यातूनही पकड मिळते. फिनलंडमधल्या आजच्या नोकियान कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी असे टायर काढले. म्हणजे हे काल-परवाच्या जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही.

आता "हळू चालव म्हणजे झालं" हे तपासू. शाळेतलं पदार्थविज्ञान त्यासाठी पुरेसं आहे. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि टायर-रस्त्याच्या पकडीच्या प्रमाणात घटतं. गाडीच्या वजनाचा या हिशेबात संबंध येत नाही. चांगल्या टायरची कोरड्या डांबरावर पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.८ धरली, तर ताशी ६० किमी वेगातली गाडी साधारण १८ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर पकड ०.५ झाली की २८ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड ०.२ वर येते, म्हणजे ७० मीटर. रस्त्यावर काचेसारखा पातळ थर गोठलेला असेल तर ०.१, म्हणजे १४० मीटर. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. बरं, वेग निम्मा केला, ३० वर आणला, तरी त्या गोठलेल्या थरावर ३५ मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाला लागतात त्याच्या जवळपास दुप्पट. उतार असेल तर गोष्ट आणखी बिघडते. दहा टक्क्यांचा उतार आणि ०.१ पकड असेल, तर गाडी कुठल्याही वेगाला थांबतच नाही. हळू चालवणं हवंच. पण वेग कमी करून मिळणारा फायदा जिथे संपतो, तिथून पुढे टायरच कामाला येतो.

कायदा या बाबतीत काय सांगतो हे बघण्यासारखं आहे, कारण अनेकजण तिथेच अडतात. ओटावा नदीच्या एका काठाला ओटावा शहर आहे, ओंटारियो प्रांतात. समोरच्या काठाला गॅटिनो, क्युबेक प्रांतात. पूल ओलांडला की झालं, इतकी जवळ. क्युबेकने २००८ पासून तिथे नोंदलेल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे केले. आता ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते. ओंटारियोत सर्वसाधारण गाड्यांना सक्ती नाही. तिथे २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायर लावणाऱ्यांना हप्त्यात सवलत द्यायची, एवढंच बंधन आहे. आता विचार करा: नदीच्या दोन्ही काठांवर बर्फ तोच पडतो, गारठा तोच असतो, घसरण तीच असते. कायदा वेगळा आहे म्हणून ओटावाच्या काठावरचं रबर काही मऊ राहत नाही. "इथे सक्ती नाही, मग घ्यायचे कशाला?" असं विचारणाऱ्या मुलांना मी हे दोन काठ दाखवीन.

जर्मनीने तारखा ठरवलेल्याच नाहीत. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर त्या परिस्थितीला साजेसे टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिलपर्यंत हिवाळी परिस्थिती असली की असे टायर हवेत, आणि नक्षी चार मिमीपेक्षा कमी उरलेला टायर तिथे हिवाळी टायर म्हणून धरलाच जात नाही. ही चार मिमीची अट मला फार शहाणपणाची वाटते. टायर कुठल्या जातीचा आहे एवढंच बघून ते थांबत नाहीत, तो किती झिजला आहे हेही बघतात. जपानने तर १९९० च्या सुमारास लोखंडी खिळ्यांचे टायर बंद केले, कारण ते खिळे रस्ता खरवडून धूळ उडवत आणि ती धूळ लोकांच्या छातीत जाई. मग त्यांनी बिनखिळ्यांच्या, मऊ रबराच्या टायरांवर मेहनत घेतली. आपल्या हवेला, आपल्या रस्त्याला काय लागतं याचा विचार त्या त्या देशाने स्वतः केला आहे.

खर्चाच्या मुद्द्यालाही उत्तर आहे. हिवाळ्यात हिवाळी टायर झिजतात तेव्हा उन्हाळी चार विश्रांती घेत असतात, आणि उन्हाळ्यात उलट. त्यामुळे दोन्ही संच जास्त वर्षं टिकतात. वाढीव खर्च होतो तो बदलण्याच्या मजुरीचा, रिमचा आणि टायर ठेवण्याच्या जागेचा. जर्मनीत गॅरेजवाले भाडं घेऊन टायर सांभाळतात. तिथे हिवाळा सौम्य असेल, बर्फ क्वचित पडत असेल, तर डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण अशी खूण असलेले बारमाही टायर पुरतात. पण ही खूण बघूनच घ्यावेत. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ती अक्षरं टायर बनवणारा नक्षीच्या धाटणीवरून स्वतः छापू शकतो. तीन शिखरांच्या खुणेसाठी मात्र टायरला बर्फावरची चाचणी पार करावी लागते.

ही एम प्लस एसची गोष्ट नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे एसयूव्हीच्या अनेक टायरांवर ही अक्षरं असतात, आणि ती बघून लोक गाडी थेट मनालीला नेतात. थार ही नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी गाडी, तिचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे चारही चाकांना पकड मिळते, असा समज पसरला आहे आणि तो जीवघेणा आहे. फोर बाय फोर गाडीला बर्फातून निघायला, चढ चढायला मदत करते. थांबवायला नाही. ब्रेक आधीपासून प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. उतारावर वळण घेताना थार आणि साधी हॅचबॅक दोघींच्या हातात सारखंच असतं, रस्त्याला टेकलेलं चार तळहातांएवढं रबर. एबीएसचंही तसंच आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं. २०१९ पासून आपल्याकडे मोटारींना ते सक्तीचं झालं, हे उत्तमच झालं. पण एबीएस असलेली पकड नीट वापरतं. नसलेली पकड आणून देत नाही.

अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला आणि मनालीहून लाहौलमध्ये जाणं हिवाळ्यातही सोपं झालं. नऊ किलोमीटरांचा हा बोगदा तीन हजार मीटरांहून उंचावर आहे. बोगदा सुरक्षित आहे. प्रश्न आहे तो सोलांगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंतच्या चढाचा. २०२४ च्या नाताळच्या दिवसांत त्याच पट्ट्यात बर्फ पडून शेकडो गाड्या अडकल्या, पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. म्हणूनच बर्फ पडला की तिथले पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. महाराष्ट्राच्या पाटीच्या गाडीचा चालक तेव्हा पोलिसांशी वाद घालतो, "इतक्या लांबून आलोय" असं सांगतो. मला वाटतं, नाशिकहून दीड हजारांहून जास्त किलोमीटर गाडी चालवत जाणाऱ्याने एक गोष्ट निघण्याआधीच मनाशी पक्की करावी: मनालीत गाडी लावायची आणि वर तिथल्या टॅक्सीने जायचं. तिथला चालक त्याच रस्त्यावर वाढलेला असतो, त्याच्या डिकीत साखळ्या असतात आणि त्या दहा मिनिटांत चढवायच्या कशा हे त्याला येतं. नाशिकमध्ये आयुष्यभर चालवून कमावलेला हात तिथे उपयोगी पडत नाही, कारण त्या हाताने बर्फावरचं घसरणं कधी अनुभवलेलंच नसतं. ज्यांना आपलीच गाडी वर न्यायची असेल त्यांनी साखळ्या घ्याव्यात, घराच्या अंगणात त्या दोनदा चढवून-उतरवून बघाव्यात आणि मगच निघावं.

आता नाशिकच्या थंडीकडे येऊ. आपल्याकडे थंडी नाही असं कोणी म्हणणार नाही. निफाडच्या कुंदेवाडीतल्या गहू संशोधन केंद्राचा पारा कित्येक वर्षी पाच अंशांच्या खाली गेला आहे. दवबिंदू गोठले, द्राक्षमण्यांना तडे गेले, शेतकऱ्यांनी पहाटे बागांत शेकोट्या पेटवल्या. शहरातही डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे सात-आठ अंशांवर येतात. मग सात अंशांचा नियम इथे का लागू होत नाही? कारण तो गारठा पहाटेचा असतो, रस्ता कोरडा असतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन तापतं. दुपारी पारा अठ्ठावीस-तीसवर जातो. अशा हवेत हिवाळी टायर लावले तर त्यांचं मऊ रबर भराभर झिजेल आणि ऐन दुपारी ब्रेक लावल्यावर गाडी उलट जास्त अंतर घेईल. त्यामुळे कोणी "परदेशी तंत्र" म्हणून असे टायर इथे विकायला आणले तर घेऊ नयेत.

नाशिकच्या थंडीने टायरचं एकच काम वाढतं, ते म्हणजे हवेचं. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरची हवा अंदाजे दोन पौंडांनी उतरते. दुपारी भर उन्हात, गाडी चालवून टायर तापलेला असताना ३२ पौंड भरून घेतले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे आठ अंशांत तिथे सत्तावीस-अठ्ठावीस उरलेले असू शकतात. हवा भरायची ती टायर गार असताना, सकाळी. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवावी हा समजही सोडून द्यायला हवा. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या कडा सारख्या वाकतात-सरळ होतात आणि त्या घर्षणाने तो आतून तापतो. समृद्धी महामार्गावर, काँक्रीटवर, ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास जाताना हे तापणं कुठवर जातं, हे सांगायला नको. आज इगतपुरीहून नागपूरला न थांबता जाता येतं. तेवढ्या प्रवासाला निघताना हवा आणि टायरचं वय बघणं अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत असली तरी इतक्या वर्षांत रबर वाळतं, भेगाळतं.

पण नाशिकच्या टायरांची खरी परीक्षा होते ती पावसाळ्यात. शहरात वर्षाला सातशे मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि पन्नास किलोमीटरांवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या घरात. म्हणजे मुंबईला निघालेली गाडी गोंदे, घोटी ओलांडेपर्यंत साध्या पावसात असते आणि पुढच्या अर्ध्या तासात धुक्यात, धो-धो पाण्यात आणि कसाऱ्याच्या उतारावर. त्र्यंबकेश्वरहून जव्हारकडे उतरणारा रस्ता, वणीहून सप्तशृंगगडावर चढणारा घाट, सापुताऱ्याची वळणं, चांदवडजवळचा राहुड घाट: जिल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक दिशेला एखादा घाट आहेच.

ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा एकच काम करतात. रबराखालचं पाणी बाजूला फेकतात. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिमी खोल असतात. त्या झिजत गेल्या की पाण्याला जायला वाट उरत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. त्या क्षणी गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर यासाठी एक सूत्र बसवलं. गुळगुळीत टायर, साचलेलं पाणी आणि ३२ पौंड हवा असेल, तर साधारण ताशी ९५ किमीला चाक तरंगू लागतं. हवा २५ पौंड असेल तर ८३ लाच. मोटारीच्या टायरला हे सूत्र अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज देतं. आणि मुंबई-नाशिक महामार्गावर भर पावसात किती गाड्या नव्वदीच्या पुढे असतात, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारी आणि मोठ्या वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी, दुचाकी-तीनचाकीची ०.८ मिमी असायला हवी असं लिहिलेलं आहे. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ते दाखवणारा छोटा त्रिकोण टायरच्या कडेवर असतो. बघायला अर्धा मिनिट लागतो, अवजार लागत नाही. पण बघतो कोण? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या पंधरा वर्षांत तिच्या धुराची तपासणी ठरल्या मुदतीने होते, पीयूसी नसेल तर दंड होतो. टायर एकदाही कोणी सक्तीने बघत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षं झालेल्या मोटारीची दरवर्षी तपासणी होते आणि तीत टायर बघितले जातात. जर्मनीत ती दोन वर्षांनी होते. आपण धुराची काळजी घेतो, ती घ्यायलाच हवी. पण त्याच केंद्रावर, त्याच पाच मिनिटांत, नक्षीची खोली मोजून कागदावर लिहिता येणार नाही का? माझी पहिली मागणी हीच आहे. पीयूसीच्या प्रत्येक तपासणीत टायरची खोली आणि टायरचं साल नोंदवा. नक्षी तीन मिमीपर्यंत आली की इशारा द्या, १.६ ला आली की प्रमाणपत्र रोखा.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे: "आधी खड्डे बुजवा, मग टायरचं बोला." या रागाशी मी पूर्ण सहमत आहे. महामार्गावर टोल घेतला जातो आणि पावसाळ्यात त्याच महामार्गावर चाक अर्धं बुडेल असे खड्डे असतात. हा नागरिकांवरचा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलत राहिलं पाहिजे. पण खड्डे आहेत म्हणूनच टायर जास्त जपायला हवा. खड्ड्यात आपटून टायरच्या कडेला फुगा येतो. आतले धागे तुटल्याची ती खूण असते. असा टायर कधीही फुटू शकतो. तरी फुगा आलेला टायर मागच्या चाकाला टाकून लोक चालवत राहतात. रस्त्याची जबाबदारी सरकारची, टायरची आपली. एकाने आपलं काम केलं नाही म्हणून दुसऱ्याने सोडलं, तर मरणारा माणूस आपल्यातलाच असतो. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या किती जणांचा टायरशी संबंध होता हे कोणी नीट नोंदवत नाही, कारण अपघातानंतर पंचनाम्यात टायर 'फुटला' एवढंच लिहिलं जातं. तो का फुटला, किती जुना होता, नक्षी किती उरली होती, हे लिहिण्याची पद्धत नाही. ती पडायला हवी.

या सगळ्यात सर्वांत जास्त धोका पत्करतो तो ज्याच्या हातात टायर बदलण्याचा निर्णय नाही असा माणूस. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम ऐन पावसात सुरू होतो. संध्याकाळी पिकअप भरते, रात्री कसारा उतरते, पहाटे वाशीच्या बाजारात रिकामी होते आणि लगेच परत निघते. चालकाला पैसे खेपेवर. गाडी मालकाची, टायरही मालकाचा. नक्षी झिजून टायर गोटा झालाय हे चालकाला मालकाच्या आधी कळतं, पण "या हंगामात काढ, पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर त्याला ठरलेलं मिळतं. वजन पासिंगपेक्षा जास्त, रस्त्यावर चिखल आणि पाणी, खाली गोटा टायर. अपघात झाला की गुन्हा चालकावर दाखल होतो. हे मला मान्य नाही. गोटा टायरवर गाडी रस्त्यावर आणणाऱ्या मालकालाच आधी विचारलं गेलं पाहिजे, दंडाची पावतीही त्याच्याच नावाने फाटली पाहिजे.

रिमोल्ड टायरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक सगळ्यांना एकाच तराजूत तोलतात. नीट केलेलं रिट्रेडिंग, म्हणजे जुन्या टायरवर नव्या नक्षीचं रबर चढवणं, वाईट नसतं. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे कारखाने आहेत आणि तिथे साचा, जुन्या टायरची तपासणी, सगळं पद्धतशीर होतं. भीती आहे ती कुठूनही आणलेल्या, भेगाळलेल्या जुन्या टायरवर वरवर नक्षी कोरून विकलेल्या मालाची. नवी दिसणारी ती नक्षी म्हणजे उरलेल्या पातळ रबरात आणखी खोल पाडलेल्या खाचा असतात. असा माल विकणाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे.

दुचाकीचा टायर स्वस्त असतो, तरी सर्वांत जास्त दुर्लक्षित तोच. पंचवटीतून अंबड, सातपूरला पहिल्या पाळीला पावसात निघणारे हजारो कामगार दोन चाकांवर असतात. मोटारीचं एक चाक घसरलं तर उरलेली तीन सावरायला असतात. दुचाकीचं पुढचं घसरलं तर माणूस खाली. पहिल्या पावसाचे दिवस यात सर्वांत वाईट, कारण महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर निसरडा थर तयार होतो. कारखान्यांनी मे अखेरीस आपल्या पार्किंगमध्येच टायर तपासणीचा एक दिवस ठेवला आणि पगारातून हप्त्याने टायर बदलून दिला, तर त्यांना तो खर्च जड जाणार नाही. हेल्मेटसाठी काही ठिकाणी असं झालेलं आहे, टायरसाठीही होऊ शकतं.

आणि हे लांबणीवर टाकण्यासारखं नाही. सिंहस्थाची मुख्य अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, पहिलं २ ऑगस्टला. म्हणजे ऐन पावसाळ्यात देशभरातून लाखो माणसं नाशिक-त्र्यंबकेश्वरला येणार, त्यातली मोठी संख्या रस्त्याने, रात्रभर चालवलेल्या भाड्याच्या गाड्यांतून, ज्यांना कसारा आणि त्र्यंबकचा पाऊस माहीत नाही अशा चालकांसोबत. घाट रुंद होतील, पूल होतील, वाहनतळ होतील, त्यावर बैठका चालू आहेत. या तयारीत टायर तपासणी स्वतंत्रपणे घातली पाहिजे. घोटी, शिंदे, पिंपळगाव आणि चांदवडच्या टोलनाक्यांवर परिवहन विभागाचं पथक नक्षी मोजायचं साधन घेऊन उभं राहावं, जून उजाडण्याआधीपासून. गोटा टायरची गाडी दंड घेऊन पुढे सोडू नये. नाक्याजवळच टायरवाल्यांना जागा द्यावी, टायर तिथे बदलावा, नवा टायर बसल्याची पावती बघूनच गाडी घाटाकडे सोडावी. दुरून आलेल्या यात्रेकरूंच्या गाडीला हे शक्य नसेल, तर त्यांना तिथून पुढे एसटीने न्यावं आणि गाडी नाक्यावर सांभाळावी. त्यासाठी बस राखून ठेवाव्या लागतील, पथकात माणसं वाढवावी लागतील. त्याचा हिशेब आत्ताच मांडला तर २०२७ च्या उन्हाळ्यात धावपळ होणार नाही.